चौथं मशीन

शेफाली स्टिकरचा वरचा कोपरा काचेवर दाबून बसवत होती आणि त्याच वेळी दीपमाला खालचा कोपरा नखाने सोडवत होती. दोघी एकाच मशीनपुढे, एकाच स्टिकरला धरून, एकमेकींकडे न बघता. थोडा वेळ हे असंच चाललं. शेवटी स्टिकर मधोमध फुगला.

"ताई, बबल येतायत," शेफाली म्हणाली.

"येऊ द्या."

शेफाली कपडे धुण्याची मशीन देणाऱ्या कंपनीची एरिया मॅनेजर. पुण्याहून सकाळीच निघून आली होती, गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅब. स्टिकरवर निळ्या अक्षरांत 'स्पेशल केअर लाइन' असं छापलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'निवडक ग्राहकांसाठी'. दुकानात मशीन चार. चारही एकाच दिवशी एकाच ट्रकमधून उतरलेली. चौथ्यात निवडक असं काही असेल तर ते ट्रकवाल्यालाही माहीत नव्हतं.

"याच्याकडे प्रॉब्लेम म्हणून बघू नका ना," शेफाली म्हणाली. "कस्टमर स्वतःहून सांगतोय त्याला काय हवंय ते. सध्या आपल्या इंडस्ट्रीत हाच ट्रेंड आहे. सेगमेंटेशन."

"आमच्याकडं हा ट्रेंड लई जुना आहे," दीपमाला म्हणाली आणि कोपरा आणखी थोडा सोडवला.

ट्रेंड हा शब्द दीपमालाला नवा नव्हता. पुण्यातल्या एका हॉटेलात, थंडगार तळघरात, कानाला माइक लावलेल्या याच कंपनीच्या एका साहेबांनी तो तिला पहिल्यांदा समजावून सांगितला होता. लोक सोनं घ्यायचं थांबतील, लग्नं पुढं ढकलतील, पण कपडे मळायचे थांबणार नाहीत, असं ते म्हणाले होते. मागच्या पडद्यावर चित्रं सरकत होती: हायवे, कारखाने, एका खोलीत राहणारे कामगार, दोरी बांधायला जागा नाही. बाकीचे लोक ती चित्रं भविष्य म्हणून बघत होते. दीपमालाला ती तिच्या गावच्या, वरव्याच्या, सर्व्हिस रोडची वाटली. ती ज्या कारखान्यात लाइन सुपरवायझर होती त्याला नुकतंच टाळं लागलं होतं. हिशेब चुकता करून जे हातात आलं ते सगळं तिने या चार मशीनच्या डिपॉझिटमध्ये घातलं.

वरवे बुद्रुकच्या बौद्धवाड्यात तेव्हा दोन मतं पडली. चुलत सासरे सोनबा वाचनालयाच्या पायरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "बाबासाहेबांनी शिका म्हणलं ते लोकांची धुणी धुवायला का?"

"धुणं मशीन धुतंय, मामा," दीपमाला म्हणाली होती. "मी खुर्चीवर बसणार."

आणि ती बसली. खुर्ची फिरती होती. मागे भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. कंपनीच्या नियमात भिंती 'न्यूट्रल' ठेवायच्या होत्या. शेफालीने ते दोनदा सांगून बघितलं. दीपमालाने दोन्ही वेळा मान डोलावली आणि तसबिरी पुसून पुन्हा जागच्या जागी लावल्या.

कामगारांचे गणवेश येत. ढाब्यांचे टेबलाचे कपडे येत. रविवारी राजगड-तोरण्यावरून उतरलेली मुलं निम्मा डोंगर पँटला लावून येत आणि काचेतून आपलीच पँट फिरताना बघत बसत. गावं मात्र येत नव्हती. दिवाळीनंतर कंपनी आढावा घेणार होती. मशीनच्या फेऱ्या कमी भरल्या तर करार संपवून चारही मशीन दुसरीकडे हलवायची, असं कलम होतं, आणि तसं झालं तर दीपमालाकडे फिरती खुर्ची उरणार होती.

उरला होता तो हा आठवडा. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं कापड धुवायचं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. चादरी, पडदे, वाकळा, गोधड्या. पूर्वी त्यासाठी आख्खी आळी नदीवर उतरायची. आता घरातल्या छोट्या मशीनमध्ये गोधडी मावत नाही, आणि नदीवर न्यावी तर ओली गोधडी पिळायला दोघी लागतात; दुसरी पुण्यात असते, हिंजवडीला.

त्यामुळे चार दिवसांपूर्वी गेनबा चेअरमन स्वतः दुकानात आले, तेव्हा दीपमाला खुर्चीवरून उठली होती. गेनबा कामथडीच्या दूध डेअरीचे चेअरमन, शब्दाला वजन असलेला माणूस. चहा विचारला तर आत्ताच झाला म्हणाले. दीपमालाच्या दुकानात यायच्या वेळी त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असे.

"ताई, आमच्या आळीचं समदं धुणं हिकडं वळवतो," ते म्हणाले. "फकस्त एक मशीन तेवढं देवाच्या कापडाचं ठेवा."

"देवाचं कापड म्हणजे?"

"म्हंजी देवाचं. आन् आमच्या घराघरातलं. घट बसत्यात न्हवं."

"बाकीच्यांचं त्यात घालायचं नाही?"

"तसं म्या म्हणलं का? बाकीच्यांना तीन हायतीच की."

"बाकीचे म्हणजे कोण, चेअरमन?"

गेनबांनी मशीनकडे बघितलं, छताकडे बघितलं, तसबिरींकडे बघणार होते पण वेळेवर मान वळवली.

"माझं काय न्हाई वो. म्या पुण्यात कुठंबी जेवतो, रांधतंय कोण ते बगत न्हाई. म्हातारीचं हाय. म्हातारीला चालत न्हाई."

म्हातारी म्हणजे त्यांची आई, चंद्राबाई. तिचंही म्हणणं, गेनबांच्या सांगण्यानुसार, असं होतं की तिचं स्वतःचं काही नाही, देवीला चालत नाही. देवीला विचारायची काही सोय नव्हती.

दीपमालाने संतापून शेफालीला फोन केला होता. शेफालीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोनदा 'ओके' म्हणाली, आणि आज स्टिकर घेऊन आली.

सर्व्हिस रोडला टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पोत गोधड्यांचा ढीग होता. पुढच्या सीटवर चंद्राबाई बसल्या होत्या, कपाळभर कुंकू, डोक्यावरून पदर. मागून बुलेटवर गेनबा. आणि त्यांच्या मागे एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून आळीतल्या बाया उतरल्या, काखेत बोचकी धरून. त्या दुकानात आल्या नाहीत. समोरच्या चिंचेखाली उभ्या राहिल्या. चंद्राबाई करतील ते करायचं, एवढं त्यांचं ठरलेलं होतं.

गेनबा दारापर्यंत आले. चौथ्या मशीनवरचा स्टिकर त्यांना दिसला.

"हां. केलं म्हणायचं."

"वेलकम सर," शेफाली म्हणाली.

दीपमालाने स्टिकर एका झटक्यात ओढला. तो पूर्ण निघाला नाही. 'निवडक' तिच्या हातात आलं आणि 'स्पेशल' काचेवर राहिलं.

"चेअरमन," ती म्हणाली, "मशीन रिकामं हाय. गोधड्या घाला. सकाळी त्यात आमच्या घरचं धुऊन झालंय. तुमचं झालं की पुढचा नंबर ज्याचा असंल त्याचं पडंल. चालत असंल तर घाला."

पहिल्या तीन मशीनमध्ये गणवेश आणि ढाब्याचे कपडे फिरत होते.

"ताई, आपण जरा आत बोलू या का?" शेफाली हळूच म्हणाली.

"आत म्हणजे कुठं? दुकान काचेचं आहे."

"गावाचं धुणं घालवताय तुमी," गेनबा म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "म्या भांडायला आलो न्हाई. येवढं एक मशीन मागितलं. तुमाला काय कमी पडतंय का?"

"तेच इचारते. तुमाला काय कमी पडतंय?"

शेफालीने तिच्या कानाशी येऊन इंग्रजी-मराठीत सांगितलं की आढावा जवळ आलाय, आकडे हातात नाहीत, एका स्टिकरने सगळं सुटत होतं, आणि आता ती वरच्यांना काय सांगणार आहे.

"सांगा की मशीन चारही सारखीच आहेत. तुमच्याच माहितीपुस्तिकेत छापलंय."

टेम्पोतून चंद्राबाईंचा आवाज आला. "काय झालं रं?"

"न्हाई म्हणत्यात."

"का?"

गेनबांनी बुलेटची किल्ली बोटावर फिरवली. 'का'चं उत्तर हायवेवर उभं राहून मोठ्याने द्यायचं तर ते शब्दांत सांगावं लागलं असतं, आणि चार दिवस ते शब्द टाळण्यातच त्यांची सगळी अक्कल खर्ची पडली होती.

"मग चल माघारी. नदीला नेऊ," चंद्राबाई म्हणाल्या.

"नदीला कोण येतंय आता, आई?"

चंद्राबाईंनी चिंचेखाली बघितलं. चिंचेखालच्या बायांनी आपापल्या बोचक्यांकडे बघितलं. टेम्पोवाल्याने इंजिन चालू करावं की नाही म्हणून गेनबांकडे बघितलं. दीपमालाने कुणाकडेच बघितलं नाही. तिला माहीत होतं की टेम्पो वळला की रिक्षा वळणार, आणि रिक्षा वळली की दुकान.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, अक्काबाई, दुकानातल्या पंख्याखालून उठल्या.

अक्काबाई रोज दुपारपर्यंत दुकानात येऊन बसायच्या. घरी पंखा होता, पण इथला कंपनीचा होता. त्या घड्या घालायच्या आणि काचेतून फिरणारे कपडे बघायच्या. आता त्या सावकाश बाहेर गेल्या, टेम्पोच्या फळीवरून लोंबणारा एका गोधडीचा कोपरा हातात घेतला आणि उलटा केला. वरून नवं लुगडं चढवलेलं होतं. खालची बाजू जुनी होती, धावदोऱ्याच्या बारीक रांगांची.

"ही माझ्या हातची," त्या म्हणाल्या.

चंद्राबाईंनी टेम्पोच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "मग? शिवलीस तूच. आमच्या आंगणात बसून. मजुरी दिलीया तवाच."

"दिली की. जवारी दिली व्हती. न्हाई कुठं म्हणते म्या."

"मग आता काय काढलंस?"

"काय न्हाई. सांगायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं." अक्काबाईंनी कोपरा हाताने साफ केला. "तुमी जुनेर दिलं ते पुरलं न्हवतं. गोधडी मधी पातळ ऱ्हायली. बाळंतिणीला घ्यायची म्हणला व्हता, तवा म्हणलं पातळ कशी द्यायची."

"मग?"

"मग माझं लुगडं घातलं पोटात. आन् आमच्या मामंजींचं धोतार."

चिंचेखाली कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला नव्हता.

चंद्राबाईंनी गोधडीचा कोपरा निरखून बघितला. मग म्हणाल्या, "घरात घ्यायच्या आदी आमी ती नदीवर धुतली व्हती."

"व्हय, बगितलं व्हतं म्या. वरनं धुतली. पोट कसं धुणार?"

गेनबा टेम्पोपासून एक पाऊल मागे सरकले. "कुठली? कुठली गोधडी ही?"

"ही व्हय?" चंद्राबाई म्हणाल्या. "ही तुझ्या येळची. ह्याच्यावरच जलमलास तू. पुढं चार वर्सं हिच्याबिगर झोपत न्हवतास. धुवायला न्हेली तरी बोंबलायचास."

गेनबांनी दोन्ही हात नकळत विजारीला पुसले. आपण हात पुसले हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं, आणि ते सगळ्यांच्याही लक्षात आलंय हे त्यानंतर.

"जाळून टाकू तिला," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"जाळ की," चंद्राबाई म्हणाल्या. "आन् सवताचं काय करतुस?"

आता चिंचेखाली उघड हसू फुटलं. एकीने पदर तोंडात कोंबला. गेनबा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, जणू साताऱ्याहून कुणीतरी महत्त्वाचं यायचं होतं.

चंद्राबाई टेम्पोतून उतरल्या. गुडघे दुखत असावेत. एकेक पाय जमिनीवर ठेवून त्याची खात्री करून घेत होत्या. टेम्पोवाला हात द्यायला आला तर त्याला म्हणाल्या, "मला नगं, त्या गोधड्या घे." दुकानाच्या दारात त्या थांबल्या. दारात पायपुसणं होतं. त्यांनी पाय पुसले, आत आल्या, आणि चारही मशीन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत गेल्या. तसबिरींपाशी त्यांची नजर थांबली. तिथून ती सावकाश दीपमालावर आली.

"ह्यातलं चांगलं कुठलं?"

"सगळी सारखी हायत, काकू."

"मग रिकामं हाय ते घे. आन् पानी दोनदा काढ. साबण ऱ्हातुया."

"मशीन तीनदा काढतं."

"तीनदा काढतं म्हंजी आदी घाणच लई घालत असतील लोक," चंद्राबाई म्हणाल्या आणि मशीनसमोरच्या बाकावर बसल्या. कुणाची घाण ते त्यांनी सांगितलं नाही. दीपमालाने ते तसंच सोडून दिलं. आजच्यापुरतं पुष्कळ झालं होतं.

गोधडी दीपमाला आणि टेम्पोवाल्याने मिळून ड्रममध्ये कोंबली. दार लागलं, पाणी आलं, आणि काचेवर उरलेल्या 'स्पेशल'मागे गेनबांची गोधडी एकदा वर जाऊन धप्पकन खाली पडली.

शेफालीने मोबाईल काढला होता. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. ते पुसून तिने फोकस नीट केला.

"ताई, हे कॅम्पेन होऊ शकतं. नवरात्र स्पेशल. एक गोधडी, दोन आज्या..."

"मोबाईल ठेवा, मॅडम."

"पण ताई, एंगेजमेंट..."

"ठेवा म्हणते ना."

शेफालीने मोबाईल ठेवला. मग थोडा वेळ विचार करून, काचेवरचा उरलेला कागद नखाने खरवडायला घेतला. नखं लांब होती, त्यामुळे तिला ते चांगलं जमत होतं.

दीपमाला मागच्या टेबलाशी गेली. अक्काबाई तिथे परत येऊन, मध्ये काहीच घडलं नसल्यासारख्या गणवेशांच्या घड्या घालत होत्या. कॉलर वर, बाह्या आत. मशीनच्या आवाजात पुढे बसलेल्या चंद्राबाईंना काही ऐकू गेलं नसतं, तरी दीपमाला वाकून बोलली.

"आत्या, इतकी वर्सं मला कधी बोलला न्हाई तुमी."

"काय?"

"लुगड्याचं."

अक्काबाईंनी शर्ट झटकला. "कुठलं लुगडं? त्या साली माझ्याजवळ एकच लुगडं व्हतं. ते गोधडीत घातलं असतं तर नेसले काय असते?"

दीपमाला सरळ झाली. तिने पुढे बघितलं. चंद्राबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, पदर डोक्यावर तसाच, आणि ड्रमबरोबर त्यांची मान किंचित हलत होती.

"म्हंजी... आन् त्यांना ते खरं वाटलं?"

"तिला कसं वाटंल?" अक्काबाई पुढचा शर्ट उचलत म्हणाल्या. "जुनेर तिनंच मापून दिलं व्हतं. उरल्याल्या चिंध्याबी माघारी मागून घेतल्या व्हत्या. तिला न्हाई ठावं तर कुणाला?"

पुढच्या बाजूला चंद्राबाई बाकावरून अर्ध्या वळल्या होत्या आणि काचेतून चिंचेकडे बघून, ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही, घरच्या ओट्यावरून ओरडावं तशा ओरडत होत्या.

"आगं, भाईर काय हुब्या ऱ्हायल्या? मशीन रिकामी व्हत्यात. आना की आत."

पहिल्या मशीनची शिट्टी वाजली. दीपमाला दार उघडायला पुढे झाली.